वहिनींचं गूस्टिंग

फोन आला तेव्हा मी एका सुदानी गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो. शारजात हमरियाच्या रस्त्याला माझं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. इथल्या गाड्या जहाजात चढतात आणि आफ्रिकेत उतरतात. सौदा अगदी रंगात आला होता आणि तेवढ्यात पुतण्याचा, निखिलचा फोन. "काका, आई गेली… दुपारी जेवून आडवी झाली होती. चहाला उठवायला गेलो तर…" मी फोन खिशात टाकला आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, "खलास हबीबी, आज विकत नाही." त्याला वाटलं ही माझी चाल आहे. त्याने बोली वाढवली. मी पुन्हा नाही म्हटलं, त्याने पुन्हा वाढवली. शेवटी त्याच्या तोंडावर यार्डाचं फाटक लावून घेतलं आणि अल ऐनचा रस्ता धरला. वाटेत रडू यायच्या आधी मला हसू आलं. समोरचा कारण न देता नुसतं नाही म्हणतो आणि आपण खुळ्यासारखी बोली वाढवत बसतो, हा खेळ वहिनींचा माझ्याशी खेळून झाला होता. आणि त्यात मी हरलो होतो.

दिवसकार्य झाल्यावर तिथल्या मराठी मंडळींनी एका बिल्डिंगच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. बोलणाऱ्याला दोन-दोन मिनिटं. माणसं एकामागून एक उठली आणि एकच गोष्ट सांगून बसली. सुमनवहिनी म्हणजे त्यागाची मूर्ती. हॉस्पिटलात नर्स म्हणून पेशंटसाठी राबल्या, घरी नवऱ्यासाठी राबल्या, मग मुलासाठी, सुनेसाठी, नातीसाठी. स्वतःसाठी म्हणून कधी काही मागितलं नाही. हे शेवटचं वाक्य तर प्रत्येकाने म्हटलं, जणू वाटून घेतलं होतं. माझं डोकं तापायला लागलं. माझी पाळी आल्यावर मी उठलो आणि म्हणालो, "साफ खोटं आहे. त्यांनी मागितलं, आणि घेऊन दाखवलं." हॉलमध्ये कुजबुज झाली. संयोजक गृहस्थ माझ्या कानाशी लागले, "साहेब, प्रसंग काय आहे, आपण बोलताय काय!" मी म्हटलं, "प्रसंगाचंच बोलतोय," पण तोवर माईक पुढच्या बाईंकडे गेला होता. तो राग मी अजून गिळलेला नाही. ज्या गोष्टीमुळे ती बाई शेवटची वर्षं ताठ मानेने जगली, ती गोष्ट तिच्याच शोकसभेत घरातल्या फाटक्या चादरीसारखी झाकून ठेवली. म्हणून लिहायला बसलोय. इथे माईक काढून घ्यायला कोणी नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची बायको. आम्ही चिपळूणचे. मी दहावीत आपटून इकडे आलो तेव्हा अल ऐनला अण्णा-वहिनींच्या हॉलमधला सोफा हे माझं घर होतं. पुढे शारजाला गेलो, तिथल्या रोल्ला भागात खाटेला खाट लावलेल्या खोलीत राहिलो, गॅरेजात गाड्या धुतल्या, मग पुसल्या, मग विकल्या. कोणाच्या बापाच्या पैशावर उभा राहिलो नाही हे मी सगळ्यांना ऐकवतो. पण पहिला सोफा वहिनींचा होता, हेही सांगतो. अल ऐन पसरट, शांत गाव. पायी कुठे जाता येत नाही. हॉस्पिटल, बाजार, कोणाच्या घरचा गणपती, सगळीकडे गाडीच लागते. अण्णा चालवायचे आणि वहिनी शेजारी बसायच्या, दाराच्या वरची मूठ घट्ट धरून. 'मीही शिकते की,' असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. अण्णा म्हणाले, 'मी आहे ना.' आणि ते होते तोवर ते खरंही होतं.

त्यांच्या शेजारी हिल्डा राहायची. बेल्जियमची, वहिनींच्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, एकटी बाई. सुट्टीच्या सकाळी ती गाडी काढायची, वाळवंटाच्या दिशेने निघून जायची आणि जेवायच्या वेळेला परत यायची. वहिनींनी एकदा विचारलं, तिकडे काय काम असतं गं तुला? ती म्हणाली, काम नाही, गूस्टिंग. तिच्या भागातल्या डच भाषेतला शब्द. त्यातला ग जिभेवर नसतो. अरब गिऱ्हाईक आपल्या भाषेत 'महाग आहे' म्हणताना घशातून जो खरखरीत ग काढतो, जवळजवळ तसा. वहिनींनी अर्थ विचारला, आणि मग दोघी दुपारच्या कॉफीवर या एका शब्दाचा कीस पाडत बसायच्या. मी गेलो की माझ्याही कानांवर पडायचं. हिल्डा उदाहरणं द्यायची. आज मासे खायचं गूस्टिंग आहे. पोहायचं गूस्टिंग आहे. कामावर जायचं गूस्टिंग नाही, तरी जावं लागतंय. वहिनी आपले शब्द एकेक करून त्याला लावून बघायच्या, ब्लाउजपीस साडीला लावून बघतात तसे. इच्छा म्हणावी तर आपल्याकडे इच्छा म्हटली की ती लगेच शेवटचीच होते. लहर येते तशी जाते, आणि लहरी माणसाला कोणी चांगलं म्हणत नाही. हाव तर नव्हेच, तिचा डोळा दुसऱ्याच्या ताटात असतो. हौस बरीच जवळ येते, पण हौस दुसऱ्याने पुरवायची असते, बापाने लेकीची, नवऱ्याने बायकोची. राहता राहिलं 'मन होणं'. हे अगदी शेजारचं घर. पण आपल्यात 'मन नाही' म्हटलं की समोरचा चौकशीलाच लागतो, का गं? बरं नाही का? कोणी काही बोललं का? हिल्डा म्हणाली, आमच्याकडे गूस्टिंग म्हटलं की विषय संपतो. का, असं कोणी विचारत नाही. फार तर विचारतात, मग कधी निघतेस?

वहिनींना हे इतकं आवडलं होतं की त्या ते मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. पण आवडून उपयोग काय? आपल्यात साधी जिलबी नको म्हणायची तरी पोटाची तक्रार सांगावी लागते. इथल्या अरबाकडे कॉफीचा तो इवला पेला हातात नुसता हलवला की वाढणारा काही न बोलता पुढे जातो. आपल्याकडे ताटावर आडवा हात धरायचा, साखर, पित्त, प्रवास अशी सगळी कारणं द्यायची, आणि तरी हाताच्या फटीतून जिलबी पडतेच.

अण्णा गेले. हिल्डा निवृत्त होऊन तिच्या गावी परतली. वहिनीही निवृत्त झाल्या आणि मुलाच्या व्हिसावर, मुलाच्या घरात राहायला गेल्या. निखिल गुणी आहे, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे त्याच्यावर रागावणार आहे. इंजिनिअर माणूस. अडचण समोर ठेवा, तो सोडवून हात झटकून मोकळा. वहिनींनी एक दिवस त्याला सांगितलं, मला ड्रायव्हिंग शिकायचंय. वय साठीच्या पुढे. निखिल म्हणाला, "अगं आई, गरज काय आहे?"

त्यांचा मला फोन आला. "भावजी, काय सांगू याला?"

मी पडलो सौदागर. म्हटलं, भक्कम कारण पुढे करा. रियाला शाळेतून आणायचंय म्हणा. रिया म्हणजे निखिलची मुलगी. पुढच्याच आठवड्यात निखिलने तिला शाळेची बस लावली. मी म्हटलं, भाजीला जायचंय म्हणा. त्याने वहिनींच्या फोनवर ॲप टाकून दिलं. भाजी, मासळी, कोथिंबिरीची जुडीसुद्धा दारात. मी म्हटलं, गुडघ्याच्या डॉक्टरांचं नाव काढा. त्याने खान नावाचा एक पठाण टॅक्सीवाला ठरवून दिला, इतका सज्जन की एका हाकेला दारात उभा. मी शारजातून कारणं पुरवत होतो आणि अल ऐनला माझा पुतण्या ती निकालात काढत होता. "बघ, झाली ना सोय?" असं तो दरवेळी म्हणायचा आणि त्यात खोट काही नव्हती. सोय होतच होती. फक्त दर सोयीबरोबर वहिनी स्टिअरिंगपासून आणखी एक हात लांब सरकत होत्या.

मग तो रविवार आला. मी जेवायला गेलो होतो. निखिल, त्याची बायको मधुरा, रिया, सगळे टेबलाशी. निखिल खानाच्या वक्तशीरपणाचं कौतुक करत होता. वहिनी आमटीचं भांडं हातात घेऊन उभ्या होत्या.

"निखिल, मला शाळेत जायचं नाही," त्या म्हणाल्या. "भाजीला जायचं नाही. गुडघाही बरा आहे. मला गाडी चालवायचं गूस्टिंग आहे."

"काय आहे?"

"गूस्टिंग."

"म्हणजे?"

"म्हणजे मला गाडी चालवावीशी वाटते."

"हो गं, पण कशासाठी?"

"चालवायसाठी."

रिया हसायला लागली. "आजी, दॅट्स नॉट अ रीझन!"

"बरोबर बोललीस. रीझन नाहीच आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी निखिलच्या भातावर आमटी वाढली.

"काका, तुम्ही तरी समजवा हिला!"

पण मी कसला समजावतोय? मी गार पडलो होतो. आयुष्यभर सौदे केले, इतका बिनतोड डाव पाहिला नव्हता. इतके महिने त्यांची ओढ गरजेचं सोंग घेऊन दारात उभी राहत होती आणि निखिल त्या सोंगाला मूठभर भिक्षा घालून वाटेला लावत होता. आज सोंग नव्हतं. आता त्याने कुठली बस लावायची, कुठलं ॲप आणायचं, कुठल्या खानाला हाक मारायची? या गोष्टीवर जगात एकच उपाय होता, वहिनींनी गाडी चालवणं. निखिल बराच वेळ भात कालवत राहिला… मग म्हणाला, "ऑटोमॅटिक शीक. सोपं असतं."

"गियरवाली शिकणारेय," वहिनी म्हणाल्या.

या वेळी त्याने कारण विचारलं नाही. शहाणा झाला होता.

ड्रायव्हिंग स्कूलची इजिप्शियन बाई पहिल्या दिवशी म्हणाली, मामा, क्लच फार जड असतो. मामा म्हणजे इकडे आई. वहिनी म्हणाल्या, मी पेशंट उचललेत. कितीदा नापास झाल्या ते मी मोजलं नाही. निखिलने मोजलं. कधी पार्किंगमध्ये, कधी चढावर गाडी मागे सरकली म्हणून, आणि सगळ्यांत जास्त दवारात. दवार म्हणजे इथले गोल चौक. आत फिरणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं असतं, आणि वहिनी एक तर सगळ्या गावाला जाऊ द्यायच्या, नाही तर कोणालाच नाही. परीक्षा घेणारी पोलीस बाई अमिराती होती, तरुण, गॉगलवाली. तिने एकदा न राहवून विचारलं, "मामा, लेश? सन हॅज कार, नो?" लेश म्हणजे का. मराठी मंडळातल्या बायकांनी वहिनींना पढवून ठेवलं होतं की हार्टच्या डॉक्टरांचं नाव सांगा, दया येईल. वहिनींनी सांगितलं, "सन हॅज कार. आय हॅव गूस्टिंग." त्या बाईला शब्द कळला नाही. तिने नापास केलं ते केलंच. पण पुढच्या वेळी वहिनी गाडीत बसल्या तेव्हा ती म्हणाली, "यल्ला, मामा गूस्टिंग!" यल्ला म्हणजे चला. आणि त्या दिवशी वहिनींनी दवारात अशी गाडी घातली, म्हणाल्या, भावजी, जशी गर्दीच्या वॉर्डातून ट्रॉली घालावी, कोणाला धक्का नाही आणि थांबणंही नाही. पास! मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. मी यार्डात सगळ्यांना चहा पाजला. वहिनींनी हिल्डालाही कळवलं. तिने अभिनंदन केलं नाही म्हणे. विचारलं, मग कधी निघतेस?

आता माझ्या दुखण्याकडे येतो. घरात दीर गाड्या विकतो म्हटल्यावर गाडी कुठून येणार हे काय सांगायला हवं? मी एक पांढरी गाडी घेऊन गेलो. छोटी, स्वच्छ, एकाच मालकिणीच्या हातची. वहिनींनी सभोवार फेरी मारली. "छान आहे हो. पण गूस्टिंग नाही." मला वाटलं सौद्याची सुरुवात झाली. मी किंमत उतरवली. नाही. दुसरी आणली, मागे कॅमेरावाली. नाही. तिसरी आणली. नाही. "अहो, फुकट देतो, मग तर झालं?" मी ओरडलो.

"भावजी, ओरडता कशाला? देताय हेच खूप आहे. पण नको."

"मग कारण सांगा. रंग? सीट? उंची? कारण सांगा, मी दुरुस्त करून आणतो."

"कारण असतं तर तुमच्यापासून कशाला लपवलं असतं? चहा घेणार ना?"

वाचकहो, माझा सगळा धंदा लोकांच्या कारणांवर चालतो. गिऱ्हाईक म्हणतं टायर झिजलेत, मी टायर बदलून देतो. म्हणतं बायकोला रंग आवडला नाही, मी बायकोशी बोलतो. माणसाने तोंडातून कारण काढलं की त्याने आपल्या दाराची कडी माझ्या हातात दिली. या बाईच्या दाराला बाहेरून कडीच नव्हती. मी हात फिरवून फिरवून थकलो.

आणि मग एक दिवस फोन. "गाडी घेतली. बघायला या." मी गेलो. निखिलच्या दारात एक पिकअप उभी. बिस्किटी रंगाची, एका केबिनची, दारावर लाल पट्टा, इथले शेतवाले जिच्या मागच्या हौद्यात बकऱ्या आणि चारा नेतात तशी. हौद्यात अजून काड्या होत्या. खानाच्या टॅक्सीतून जाताना वहिनींना ती खजुरांच्या बागेपाशी दिसली. टॅक्सी थांबवली, मालकाला गाठलं, म्हातारा अरब, विकतोस का विचारलं. त्याने किंमत सांगितली.

"मग तुम्ही किती म्हणालात?"

"काही नाही. तेवढे दिले."

"तो म्हणाला तेवढे?"

"हो."

"एक दिरहमसुद्धा कमी न करता?"

"नाही बाई सुचलं."

मी पायरीवर बसलो. "वहिनी, दोन हजार दिरहम जास्त गेले. पन्नास हजार रुपये! पन्नास हजार, बकऱ्यांच्या गाडीवर!"

"त्याने खजुराची पेटी दिली वर," वहिनी म्हणाल्या. "फार गांगरला होता बिचारा. हिल्डाच्या गावची म्हण आहे भावजी, गूस्टिंग असलं की खरेदी झालीच."

"ही म्हण विकणाऱ्यानेच काढलेली असणार," मी म्हटलं, आणि त्या इतक्या हसल्या की मधुरा बाहेर येऊन बघून गेली. ही गोष्ट पुढे माझ्या बाजारात पसरली. ज्याच्याकडून एक दिरहम सोडवून घेताना लोकांचा घाम निघतो, त्याच्या वहिनीने मागितली ती किंमत मोजली! लोक अजून मला चिडवतात. हे दुखणं मी जपून ठेवलं आहे, आणि त्या गेल्या म्हणून ते सोडून देणार नाही. मृत्यूने माणसं जातात, जास्तीची किंमत परत येत नाही.

पण त्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, चला. गावाला लागून जबल हफीत डोंगर आहे. वर जायचा रस्ता वळणावळणाचा, तरुण पोरं तिथे महागड्या गाड्या पळवायला येतात. वहिनी सीट पुढे ओढून, खाली उशी घेऊन बसल्या होत्या. स्टिअरिंगवरून जेमतेम डोळे दिसत होते. दुसऱ्या गियरमध्ये पिकअप हंबरत चढत होती. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले. मी काच खाली करून भांडायच्या तयारीत. वहिनींनी एका वळणावर शिस्तीत बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ दिलं. एका गाडीतल्या पोरांनी वाकून आत पाहिलं, आणि साडीतल्या बाईला बघून त्यांनी अशा आरोळ्या ठोकल्या की जशी काही शर्यत आम्ही जिंकली होती. वहिनींनी हात केला. दारावरची मूठ मी धरून बसलो होतो, हे त्यांनी पाहिलं. वर पोचलो. कागदी कपातला कडक चहा घेतला. खाली सगळं अल ऐन दिव्यांनी भरत चाललं होतं. त्यांचं हॉस्पिटल, अण्णांचं जुनं घर, सगळं तिथेच कुठेतरी. मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील, अण्णांची आठवण काढतील. शेवटी मीच विचारलं, "आता?"

"आता खाली," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला आहे, म्हणून त्यागाची मूर्ती वगैरे माझ्यासमोर कोणी म्हणू नये.

यानंतरची वर्षं त्या रोज सकाळी निघायच्या आणि जेवायच्या वेळेला घरी असायच्या. कुठे, विचारलं तर, इथेच जवळ. रिया शाळेत मैत्रिणींना सांगायची, माय आजी ड्राइव्ज अ पिकअप. निखिलला मात्र लोकांची लाज वाटायची. कोणी विचारलं की तो सांगायचा, आईला बागेसाठी माती आणायला लागते ना, म्हणून. घरात कुंडी एक नव्हती! मंडळातल्या बायका म्हणायच्या, बिचारीवर या वयात ओझी वाहायची वेळ आली. तीच मंडळी शोकसभेत उठली. त्यांच्याकडे या बाईसाठी दोनच रकाने होते, दुसऱ्यासाठी केलं किंवा नाइलाजाने केलं. पिकअप दोन्हीत बसेना, म्हणून वगळली.

मागच्या आठवड्यात निखिलने मला बोलावलं. "काका, ती गाडी घेऊन जा. विकून टाका. तुमचाच विषय आहे." सुट्टीचा दिवस नव्हता, तो ऑफिसचे कपडे घालून तयार उभा होता. मी धंद्याच्या सवयीने गाडी तपासायला लागलो. क्लचच्या पायपट्टीचं रबर पार झिजून गुळगुळीत. ड्रायव्हरच्या बाजूची सीट खचलेली, शेजारची कोरी. पायाखालची मॅट झटकली तर दोन रंगांची वाळू पडली. एक इथली तांबडी. दुसरी पांढरी, तिच्यात शिंपल्यांचा चुरा. अल ऐनपासून समुद्र किती लांब आहे ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मग मी चावी फिरवली आणि मीटर पाहिला. गाडी घेतली त्या दिवशी याच मीटरला मी नाक मुरडलं होतं, त्यामुळे तेव्हाचा आकडा डोक्यात पक्का होता. माझ्या धंद्यात मीटर मागे फिरवणारे भेटतात. पुढे पळवलेला मीटर पहिल्यांदा बघत होतो. मी स्टिअरिंगवर थाप मारून हसायला लागलो.

"काय झालं, काका?"

"तुझी आई कुठे जायची म्हणत होतास?"

"इथेच, जवळ."

मी बाजूला झालो आणि त्याला आत वाकायला लावलं. इंजिनिअर आहे, वजाबाकी त्याने मनातच केली. तो वर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते, पण तोंडावर भलतंच काहीतरी होतं, लहान पोराला जादू दाखवल्यावर असतं तसं.

"इतकं? कुठे जायची ती, काका?"

"मला काय माहीत?"

"सांगायचं तरी ना मला. मी काय नको म्हणालो असतो?"

"नको म्हणाला नसतास. कशासाठी, एवढंच विचारलं असतंस."

त्याने माझ्या हातातून चावी घेतली आणि आत बसला. सीट मागे सारायला खालचा दांडा ओढला, तर वाळू जाऊन तो घट्ट बसलेला. सहा फुटांचा माणूस, गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना आले. मी म्हटलं, थांब, तेल सोडतो, दोन मिनिटांत सुटेल. "असू दे," तो म्हणाला. गियरची सवय मोडलेली; गाडी आचका देऊन बंद पडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली, मग हलली. फाटकाबाहेर गेली. घरापुढचा रस्ता सरळ दवाराला लागतो. तिथून वळसा घालून परत यायला कितीसा वेळ लागतो? मी कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिलो. आवाज ऐकून मधुराही बाहेर आली. पिकअप दवारापाशी थांबली, आतल्या गाड्यांना जाऊ दिलं, आत शिरली, वळायला लागली… आणि घराचा फाटा मागे टाकून गावाबाहेरच्या रस्त्याला निघून गेली.

"अहो काका, हा ऑफिस सोडून कुठे निघाला?" मधुरा म्हणाली. "काही काम निघालं का?"

"नाही," मी म्हटलं.